बाकला आणि आजीचा जांभळा पावटा: पुण्यात कधी लावायचा, बी कसं राखायचं, शिजवायचा कसा?

पर्वतीपायथा
नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

आमच्या सोसायटीत दरभंग्याकडचं एक कुटुंब आहे. त्या काकू दर थंडीत गावाहून बाकला आणतात, म्हणजे आपण ज्याला ब्रॉड बीन म्हणतो तो. यंदा मी मागेच लागले आणि त्यांच्याकडून ओंजळभर बी घेतलं. त्यांच्या घरात सासूबाईंच्या काळापासून हेच बी राखलेलं आहे, बाजारातून आणलेलं नाही. दाणा बारीक, तपकिरी, वालापेक्षा थोडा मोठा पण त्या विलायती ब्रॉड बीनच्या निम्मासुद्धा नाही. काकू म्हणतात मोठ्या दाण्याचा बाकला पिठूळ लागतो, चव याचीच.

दुसरं म्हणजे माझ्या आजोळहून, भोरच्या पुढे हिरडस मावळातून, आजीचा पावटा आलाय. शेंगेची कड जांभळी, फूल जांभळं, आणि शेंग सोलली की हाताला तो तेलकट वास दिवसभर राहतो तो पावटा. आता गावात हा लावणारं एकच घर उरलंय, बाकी सगळे पाकिटातलं बी आणतात.

पानशेत रस्त्याला ओळखीच्यांच्या शेतात दोन गुंठे मिळालेत, विहिरीचं पाणी आहे. घरी गच्चीपण आहे पण दुपारी तापते. तर दोन्ही कधी लावू, शेजारी शेजारी लावले तर बी मिसळेल का, आणि सुकलेल्या बाकल्याचं वालासारखं बिरडं होतं का हे सांगा. शिवाय माझा भाचा इंग्लंडमध्ये असतो, तो म्हणतो तिकडे लाल फुलांचा जुना ब्रॉड बीन मिळतो, सुट्टीत येताना आणतो. आणू द्यावा का? आणि सासरे म्हणतात बाकला खाऊन माणसाला कावीळ होते, हे खरं आहे का नुसतं ऐकीव? मला हे दोन्ही वाण नुसते हौसेला नाही लावायचे, टिकवायचेत, म्हणून इतकं विचारतेय.

मावळातला
ताई, बाकला पुण्यात येतो पण त्याला खिडकी फार लहान आहे. हे मूळचं थंडीचं पीक, फुलं आल्यावर दिवसाचं तापमान वीस-बावीसच्या आसपास असलं की खूष, पंचविसाच्या वर गेलं की फुलं गळायला लागतात. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीतसुद्धा दुपारी २८-३० होतं, म्हणजे सगळी भिस्त थंड रात्रींवर आणि ओल टिकवण्यावर. म्हणून ऑक्टोबर हीट सरली की लगेच, ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा ते नोव्हेंबरचा पहिला, एवढ्यातच पेरा. दिवाळीची गडबड आहे म्हणून पुढे ढकललं तर फुलं फेब्रुवारीत येतील आणि नुसता पाला बघत बसावं लागेल. गच्चीचा विचार या पिकासाठी सोडाच, कुंडीची माती दुपारी तापते आणि मुळं भाजतात. पानशेत रस्त्याला खोऱ्यात रात्री शहरापेक्षा चांगल्याच गार असतात, तिथेच लावा, आणि शक्य असेल तर अशा कडेला की जिथे सकाळचं ऊन मिळेल आणि तीननंतर झाडाची किंवा बांधाची सावली येईल.

बी रात्रभर भिजवून दोन इंच खोल टोकायचं, दोन झाडांत वीतभर आणि दोन ओळींत दीड फूट. याला वेल नसतो, तणावे नसतात, चौकोनी पोकळ दांडा सरळ वर जातो, कमरेइतका होतो आणि शेंगा भरल्या की वाऱ्याने आडवा पडतो, म्हणून ओळीच्या दोन्ही बाजूंनी कामट्या ठोकून सुतळी फिरवून घ्या. युरिया अजिबात देऊ नका. याच्या मुळांवर ज्या गाठी येतात त्यातले जिवाणू वाटाणा आणि मसूर यांच्या गाठींतलेच असतात, त्यामुळे मागच्या वर्षी जिथे वाटाणा होता ती जागा असेल तर फारच उत्तम, नसेल तर वाटाण्याच्या जुन्या वाफ्यातली पाटीभर माती आणून सरीत टाका. मी तेच करतो, गाठी भरपूर येतात. बाकी कुजलेलं शेणखत आणि थोडी चुलीची राख एवढं पुरे.

एक गोष्ट लक्षात ठेवाच, काळा मावा. शेंडा कोवळा दिसला की हा हटकून येणार. खालच्या दोन-तीन पेरांवर शेंगा धरल्या की शेंडा चार बोटं खुडून टाका, मावा निम्मा कमी होतो आणि झाडाचा जोर शेंगांकडे जातो. खुडलेले शेंडे फेकू नका, मावा नसेल तर धुऊन लसणाच्या फोडणीत परतून खायचे, हरभऱ्याच्या भाजीच्या जवळ जाणारी चव आहे. तरी मावा राहिलाच तर आधी नुसत्या पाण्याचा जोराचा फवारा आणि मग पाच टक्के निंबोळी अर्क, तोही संध्याकाळी, कारण सकाळी मधमाश्या फुलांवर असतात आणि त्यांच्याशिवाय या पिकात काही नाही.

पावट्याचं वेळापत्रक एकदम उलटं. तुमचा पावटा जुना आहे म्हणजे तो जवळजवळ नक्की दिवसाची लांबी बघून फुलणारा असणार. पुण्यात जूनमध्ये दिवस सव्वातेरा तासांचा असतो, डिसेंबरात अकराचा. हा वेल जूनला लावा नाहीतर ऑगस्टला, फुलणार तो दिवस लहान झाल्यावरच, म्हणजे दसरा-दिवाळीच्या पुढे. लोक सप्टेंबरात नुसता पाला बघून वैतागतात आणि उपटून टाकतात, कितीतरी जुने वाण असेच गेले. पाकिटातले सुधारित वाल बुटके आणि कधीही फुलणारे असतात, दापोलीच्या विद्यापीठाचं कोकण भूषण त्यातलंच, ते चांगलंच आहे पण त्याची तुलना तुमच्या पावट्याशी करू नका. तुमच्याला आषाढात लावा, भक्कम मांडव द्या आणि थांबा.

लॅबवाली
सासऱ्यांचं ऐकीव नाही, खरं आहे, पण सगळ्यांना लागू नाही. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते म्हणून जरा सविस्तर लिहिते.

काही लोकांच्या तांबड्या पेशींत जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम जन्मतः कमी असतं. बाकल्यात व्हायसिन आणि कॉनव्हायसिन अशी दोन द्रव्यं असतात, ती अशा माणसाच्या पोटात गेली की तांबड्या पेशी फुटायला लागतात. खाल्ल्यावर साधारण एक-दोन दिवसांत लघवी गडद होते, माणूस फिकट पडतो, थकतो, डोळे पिवळे होतात. म्हणून लोक म्हणतात कावीळ झाली. हा दोष एक्स गुणसूत्रावरून येतो त्यामुळे मुलग्यांमध्ये जास्त दिसतो आणि लहान मुलांना त्रासही जास्त होतो. ताजा हिरवा दाणा सगळ्यात वाईट, पण वाळवून किंवा शिजवून धोका पूर्ण जात नाही, त्यामुळे "आम्ही नीट शिजवतो" यावर विसंबून राहू नका.

घरात कुणाला नवजात असताना जास्त दिवस कावीळ होती, किंवा मलेरियाच्या प्रायमाक्विन गोळीने त्रास झाला होता, असं काही असेल तर आधी रक्त तपासा, साधी टेस्ट आहे, पुण्यात बहुतेक लॅबमध्ये होते. अंगावर पाजणाऱ्या आईनेही बाळाचा दोष माहीत असेल तर खाऊ नये. शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटताना पण हे सांगूनच द्या, कारण बिहारमध्ये पिढ्यानपिढ्या खाणाऱ्या घरांना आपल्याला काय सोसतं हे माहीत असतं, पुण्यात पहिल्यांदाच खाणाऱ्याला माहीत नसतं. आणखी एक, बाकल्याच्या कोवळ्या शेंगेत एल-डोपा असतं, तर पार्किन्सनची औषधं चालू असतील किंवा डिप्रेशनची एमएओ इनहिबिटर प्रकारची जुनी औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

ज्यांना हा दोष नाही त्यांनी बिनधास्त खावा. आणि वाल, पावटा, घेवडा यांच्यात व्हायसिनची भानगड नाही, तेव्हा त्यांना घाबरू नका.

खारेपाटातला
मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. बाकला त्यांच्या गावी उत्तम येतो, तिथे थंडी आहे, तिथे तो राखणारी घरं आहेत. आपण पुण्यात तापत्या हवेत त्याच्या मागे लागायचं आणि आपला कडवा वाल, पावटा, वाघ्या घेवडा विसरायचा याला काय अर्थ? ताई तुम्ही स्वतःच लिहिलंय की आजीचा पावटा लावणारं गावात एकच घर उरलंय. मग दोन्ही गुंठे त्यालाच द्या ना.

आमच्याकडे अलिबाग-पेणच्या बाजूला भात कापला की त्याच ओलीवर वाल टाकतात, वरून पाणी नाही, खत नाही, दवावर पीक येतं. दाणा लहान, कडू, पण बिरडं त्याचंच. नांगरटीचाही खर्च नाही बऱ्याच ठिकाणी. जानेवारीत शेंगा भरल्या की पोपटी लावायची. मडक्यात खाली भांबुर्ड्याचा पाला, मग न सोललेल्या शेंगा, खडे मीठ, ओवा, आवडत असेल तर मसाला लावलेलं चिकन आणि अंडी, बटाटे, कणगं, परत वर पाला दाबून मडकं उलटं ठेवायचं आणि भोवती गवत-लाकडं पेटवायची, आत पाण्याचा थेंब नाही, शेंगेच्या स्वतःच्या वाफेवर सगळं शिजतं. भांबुर्डा नसेल तर पोपटी नाही, कोबीची पानं वगैरे घालून करतात शहरात, तो वास येत नाही. आणि ही शेंग जुन्या वाणाचीच लागते, सुधारित वाणाची शेंग मांसल पण दाणा उशिरा भरतो, मडक्यात पाणी सुटतं.

ही सगळी माणसं, ही शेतं, विकली चाललीत प्लॉटिंगला. शेत गेलं की तिथलं बी पण गेलं. म्हणून मला वाटतं आधी घरचं वाचवा.

बीजपेटी
खारेपाटातला दादा, तळमळ शंभर टक्के पटते, पण ताईंना दोन्हीतलं एक निवडायची गरजच नाहीये. मावळातल्या दादांनी सांगितलंय तसं पावटा आषाढात मांडवावर जातो, बाकला ऑक्टोबरअखेर जमिनीवर, एकाला जागा दिली म्हणून दुसऱ्याची जात नाही. आणि त्या काकूंच्या सासूबाईंचं बी हेसुद्धा कुणाच्या तरी घरचंच आहे, ते पुण्यात आलंय आणि राखायला कुणीतरी तयार आहे तर मी तरी नको म्हणणार नाही.

आता मिसळण्याबद्दल. बाकला आणि पावटा एकमेकांत कधीच मिसळणार नाहीत, दोन्ही शेंगवर्गीय असले तरी जाती पूर्ण वेगळ्या आहेत, खुशाल शेजारी लावा. पण बाकल्याचे दोन वाण शेजारी लावलेत तर मात्र नक्की मिसळतील. मधमाश्या एका फुलावरून दुसऱ्यावर परागकण नेतात आणि बऱ्याचदा तिसऱ्या हिश्श्यापर्यंत बी संकरित निघतं. म्हणजे दरभंग्याचा बारीक तपकिरी दाणा दोन-तीन हंगामांत ओळखू येणार नाही असा होऊन जाईल. म्हणून तुमच्या शेतावर एकच बाकला. हौस असेल तर दुसरा वाण पुढच्या वर्षी, कारण नीट वाळवून गार कोरड्या जागी ठेवलेलं बी तीन-चार वर्षं सहज उगवतं, तेवढ्यात आलटून पालटून पेरता येतं. मच्छरदाणीखाली लावायचा एक उपाय आहे पण मग आत माशी जात नाही आणि फुलं हाताने हलकेच दाबून उघडावी लागतात, नाहीतर शेंगाच कमी धरतात. दोन-चार झाडांपुरतं जमेल, दोन गुंठ्यांना नाही.

पावट्याचं बरंचसं परागण स्वतःच्या स्वतः होतं, पण भुंगे आणि सातेरी माशी जात राहतात, थोडी मिसळ होतेच. तर त्याच शिवारात दुसरा कुणाचा वाल असेल तर तुमचा मांडव त्याच्यापासून जेवढा लांब नेता येईल तेवढा न्या आणि बियांसाठी मांडवाच्या मधल्या वेलाच्या शेंगा ठेवा, कडेच्या खा. वाघ्या घेवडा, श्रावण घेवडा यांना हा त्रास जवळजवळ नसतो कारण त्यांचं फूल उमलायच्या आतच काम झालेलं असतं, नवीन माणसाने बी राखायला तिथूनच सुरुवात करावी.

बी एकाच दणकट झाडाचं धरू नका, ही गोष्ट लोक कायम विसरतात. वीस-पंचवीस तरी झाडं राखीव ठेवा, प्रत्येकाच्या थोड्या थोड्या शेंगा घ्या, म्हणजे वाणातली विविधता राहते. त्यातही ज्या झाडाने उशिराच्या उन्हातसुद्धा शेंगा धरल्या त्यांना झुकतं माप द्या, पाच-सहा हंगामांत बाकला पुण्याच्या हवेला हळूहळू सरावेल. शेंग झाडावरच काळी पडू द्या, खुळखुळ वाजायला लागली की काढा, सावलीत वाळवा. दाताखाली कडक वाजला की झालं, मग काचेच्या बरणीत घट्ट बंद करून आठवडाभर फ्रीजरमध्ये, सोनकिड्याची अंडी मरतात. ओलं बी मात्र फ्रीजरमध्ये टाकू नका, कोंब मरतो. त्यानंतर राख घालून डब्यात.

भाच्याला सांगा बॅगेतून बी आणू नकोस. २००३ च्या प्लांट क्वारंटाईन ऑर्डरप्रमाणे परवाना आणि तिकडचं फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, म्हणजे बी कीड-रोगमुक्त असल्याचा दाखला, लागतं, आणि हा नुसता कागदी घोडा नाही. बाकल्याचे काही विषाणू बियांतूनच पसरतात, दाण्याच्या आत भुंग्याची अळी लपलेली असते, तुमच्या ओंजळभर बियांबरोबर आख्ख्या खोऱ्याच्या वाटाणा-मसुराला रोग देऊन बसाल. त्या लाल फुलांच्या वाणाची गोष्ट मात्र सांगण्यासारखी आहे. क्रिमझन फ्लॉवर्ड म्हणतात त्याला, अठराव्या शतकापासून माहीत होता, मग जवळजवळ नाहीसाच झाला, आणि १९७८ साली केंट परगण्यातल्या एका बाईंनी घरात राखलेलं शेवटचं थोडं बी तिथल्या हेरिटेज सीड लायब्ररीला दिलं, त्यातून आज तो पुन्हा सगळीकडे आहे. सॉमरसेटचा मार्टॉक म्हणून एक असाच जुना, दाणा बारीक तपकिरी, वाळवून ठेवायचा. तुमच्या काकूंच्या बाकल्याचं वर्णन वाचून मला तोच आठवला. एका घराने राखलेलं बी किती मोठं काम करून जातं बघा.

आणि आपल्याकडे हे काम कोण करतंय ते माहीतच असेल, अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे, २०२० च्या पद्मश्री. त्यांच्या संग्रहात वाल-घेवड्याचेच कितीतरी प्रकार आहेत, लांब शेंगेचे, बुटक्या शेंगेचे, जांभळे, हिरवे, पांढरे. त्यांना साथ देणारी बाएफ संस्था तर आपल्या वारज्यातच आहे. कोरेगावच्या वाघ्या घेवड्याला २०१६ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं. शिवाय २००१ च्या पीक वाण संरक्षण कायद्याने शेतकऱ्याला आपलं बी राखायचा, पेरायचा, देवाणघेवाण करायचा हक्क दिलेला आहे, तेव्हा आजीच्या पावट्याचं बी वाटायला कुणाची परवानगी लागत नाही. वाटाच. एकाच घरात राहिलेलं बी एका पावसात, एका उंदरात जातं. निदान तीन वेगवेगळ्या गावांतल्या घरांत ठेवा.

पर्वतीपायथा
बापरे किती माहिती, मनापासून आभार. भाच्याला कालच नाही म्हणून कळवलं. लॅबवाली ताई, सासरे आणि माझा धाकटा दोघांची टेस्ट करून घेते, कारण धाकट्याला जन्मल्यावर बरेच दिवस फोटोथेरपीत ठेवलं होतं, हे तुमचं वाचेपर्यंत डोक्यातच आलं नव्हतं. खारेपाटातला दादा, राग कसला, तुमच्या पोस्टमुळे पावट्याला जास्त जागा द्यायचं ठरवलंय, दीड गुंठा त्याला आणि अर्धा बाकल्याला. आता कुणीतरी शिजवायचं सांगा ना.

गोडामसाला
शिजवायचं मी सांगते, माझा जीव आहे त्यात.

आधी बिरडं विचारलंय म्हणून वालापासून सुरू करते कारण तीच पद्धत बाकल्याला लावायची आहे. कडवे वाल सकाळी भिजत घालायचे, रात्री उपसून फडक्यात घट्ट बांधून उबेला ठेवायचे. पुण्याच्या थंडीत एका रात्रीत मोड येत नाहीत, आणखी एक दिवस जाऊ द्यावा लागतो, घाई केली तर कडूपणा राहतो. मोड आले की कोमट पाण्यात टाकून चिमटीत दाबायचे, डाळिंबी टुणकन बाहेर येते, दाणा मोडू द्यायचा नाही. आमच्याकडे हे काम घरातल्या सगळ्यांनी परात मध्ये घेऊन करायचं असतं, एकटीने करू नका, कंबर मोडते. मग तेलात मोहरी, हिंग, हळद, थोडं जिरं, कढीपत्ता, त्यावर डाळिंब्या, आणि झाकणावर पाणी ठेवून मंद आचेवर. तेच गरम झालेलं पाणी लागेल तसं आत घालायचं. पळीने ढवळायचं नाही, पातेलं दोन्ही कानांना धरून हलवायचं. दाणा बोटाने दबायला लागला की मगच आमसूल, गूळ, मीठ, गोडा मसाला, कारण आंबट आधी पडलं की दाणा दडदडीत राहतो, मग किती शिजवा. शेवटी ओलं खोबरं, कोथिंबीर. याच डाळिंब्या घालून मसालेभात करतात, तो पंगतीत पहिला संपतो.

आता सुकलेला बाकला. रात्रभर, दहा-बारा तास भिजवा, मोड आणायचे असतील तर आणा पण वालाइतकी गरज नाही कारण हा कडू नसतो, थोडा तुरट असतो आणि तो तुरटपणा सगळा सालात असतो. साल जाड, चामड्यासारखी, ती काढाच. काढताना नखाने काळ्या डोळ्याजवळ चिरायचं म्हणजे झटकन निघते. सोलल्यावर डाळ दोन भागांत सुटते, ती लवकर शिजते, कुकरला लावली तर पिठलं होईल, म्हणून उघड्या पातेल्यात. वरच्यासारखीच फोडणी चालते पण गोड्या मसाल्याऐवजी मला यात लसूण आणि धने-जिऱ्याचं ताजं वाटण आवडतं, बाकल्याची चव मातकट आणि भरीव आहे, तिला लसूण पेलतो. आमसुलाऐवजी लिंबू. इजिप्तमध्ये हाच सुका बाकला रात्रभर मंद आचेवर शिजवून सकाळी जिरं, लिंबू आणि ऑलिव्ह ऑइल घालून पावाबरोबर खातात, फूल मेदामेस म्हणतात, त्यामुळे जिरं-लिंबाची जोडी काही माझी कल्पना नाही. तिथलेच वडे आहेत, भिजवून सोललेला बाकला न शिजवता जाडसर वाटून त्यात भरपूर कोथिंबीर, कांदा, लसूण घालून तळतात. आपला डाळवडा ज्याला जमतो त्याला हा जमतोच. पाणी न घालता वाटायचं एवढंच.

कोवळ्या शेंगा असतील, बोटाएवढ्या, आत दाणा नुकता धरलेला, तर शिरा काढून सालासकट चिरायच्या. तुमच्या काकू करतात ती मोहरी-लसणाच्या वाटणातली बटाटा घालून केलेली भाजी अशाच शेंगांची. मोहरी वाटताना त्यात मीठ आणि हिरवी मिरची टाका आणि पाणी गार घ्या, म्हणजे कडवट होत नाही, वाटण घातल्यावर फार उकळू नका. तेल मोहरीचंच घ्या, शेंगदाण्याच्या तेलात ती भाजी होत नाही. दाणे मोठे झाले की दोनदा सोलावं लागतं, आधी शेंग, मग दोन मिनिटं उकळत्या पाण्यातून काढून गार पाण्यात टाकून आतली करडी साल. आतला दाणा असा हिरवागार निघतो की बघत राहावं. त्यावर फक्त तूप, जिरं, मिरची, ओलं खोबरं. अगदी लहान दाण्यांची ही साल काढायची गरज नाही. लाल दाण्याचे काही वाण असतात त्यांचा रंग पाण्यात उतरतो, ते वाफवायचे.

आणि पावटा. तो जांभळ्या कडेचा पावटा भोगीला तयार असतो, देवाने वेळ ठरवून दिल्यासारखा. भोगीच्या भाजीत पावटा, सोलाणे, वांगं, गाजर, बोरं, वरून तिळाचं कूट, शेजारी तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि लोण्याचा गोळा. त्या भाजीत पाकिटातला पावटा घालून बघा आणि आजीचा घालून बघा, रस्सा वेगळाच होतो, आजीच्या पावट्याने त्याला तेलाचा तवंग येतो. ओल्या पावट्याची आमटी करताना मूठभर दाणे वाटून परत आमटीत घाला, बेसन लावायची गरज पडत नाही. आणि वास येतो म्हणून शेंगा दहा पाण्यांनी धुऊ नका, तो वास म्हणजेच पावटा.

फक्त एक, सुके गडद रंगाचे पावटे असतील तर भिजवलेलं पाणी टाकून द्यायचं आणि पहिलं उकळलेलं पाणीही. कच्चे चघळायचे नाहीत.

लॅबवाली
गोडामसाला ताईंच्या शेवटच्या ओळीला जोरात दुजोरा. डबल बी आणि अबईलासुद्धा हेच. डबल बीच्या रंगीत, ठिपक्यांच्या जुन्या वाणांत सायनाइड सोडणारं द्रव्य पांढऱ्यापेक्षा जास्त असू शकतं, त्या झाकण उघडं ठेवून भरपूर पाण्यात उकळायच्या आणि पाणी फेकायचं. अबईच्या फक्त कोवळ्या शेंगा खा, पिकलेले मोठे दाणे नकोत.

खारेपाटातला
दीड गुंठा पावट्याला म्हणजे झकास. ताई, मांडव करताना बांबू खाली पुरायच्या टोकाला डांबर लावा नाहीतर वाळवी दिवाळीपर्यंत खाऊन टाकेल आणि फुलं येताना मांडव बसेल. कडव्या वालाचं बी हवं असेल तर मी देतो, माझ्या काकांच्या शेतातलं आहे. पण पुण्यात त्याला भातखाचराची ओल मिळणार नाही, तेव्हा एक-दोन पाणी द्यावं लागेल, पेरा बाकल्याबरोबरच नोव्हेंबरात.

आणि बीजपेटी, तुमचं पटलं मला. काकूंना विचारून बघा ना, त्यांच्या गावी अजून कोणते वाण आहेत ते, चवळी, खेसारी, काहीही.

पर्वतीपायथा
विचारलं. काकू म्हणाल्या त्यांच्या माहेरी आणखी एक बाकला आहे, दाणा हिरवट आणि अजून बारीक, पण तो आता फक्त त्यांच्या भावजयीकडे आहे. छठला गावी जाणार आहेत तेव्हा आणतील. बीजपेटी म्हणताहेत तसं तो या वर्षी न पेरता बरणीत ठेवते आणि पुढच्या ऑक्टोबरला लावते. मावळातला दादा, वाटाण्याच्या वाफ्यातली माती तुमच्याकडून मिळेल का? शनिवारी पानशेतला जाताना येऊन घेऊन जाईन. पावट्याचं बी मोजून तीन वाटे केलेत, एक खारेपाटातला दादांना कडव्या वालाच्या बदल्यात, एक गोडामसाला ताईंना, फक्त पत्ता व्यक्तिगत निरोपातून कळवा.

मावळातला
या की, पोतंभर न्या. खोरं घेऊन या आणि वरची चार बोटं माती बाजूला करून खालची घ्या, वरच्या तापलेल्या मातीत जिवाणू फारसे उरत नाहीत. नेताना ओल्या गोणपाटात गुंडाळा आणि त्याच दिवशी सरीत घाला.